मार खाणाऱ्यानेच शाळा का बदलायची?

पाटीपेन्सिल: परवा एका बाईंची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. थोडक्यात सांगते. त्यांचा मुलगा सहावीत, दिरांचा आठवीत, शाळा एकच. मोठा धाकट्याला वर्षभर छळत होता. वह्या फाडणं, जिन्यात अडवणं हे होतंच, पण धाकटा अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो हे घरातलं गुपित त्याने अख्ख्या वर्गात फोडलं. दीर पितात, जाऊ लक्ष देत नाही, म्हणते "मुलांची भांडणं मुलांत मिटतात". मग बाईंनी काय केलं, तर नात्यात कडवटपणा नको म्हणून आपल्याच मुलाची शाळा बदलली. आणि खाली सगळे "किती समंजस हो तुम्ही"!

कसला डोंबलाचा समंजसपणा? मित्र सुटले, आवडत्या बाई सुटल्या, आणि कोणाच्या? ज्याने काहीच केलं नाही त्याच्या. पुन्हा घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाला तोच दादा समोर बसणार आहेच. शाळा बदलाल, चुलतभाऊ कसा बदलाल?

वाटसरू: तत्त्वं तुमची आणि मार दुसऱ्याच्या पोराला, छान आहे. माझ्या वडिलांनी तत्त्वासाठी शाळेशी भांडण मांडलं होतं. अर्ज झाले, मीटिंगा झाल्या, त्या पोरांकडून माफीनामा लिहून घेतला. ज्या दिवशी तो वर्गात वाचून दाखवला त्याच संध्याकाळी मला सायकल स्टँडमागे धरला. मधल्या सुट्टीत मी लघवीला जायचंच सोडलं होतं, तास चालू असताना जायचो कारण तेव्हा तिथे कोणी नसतं, आणि बाई म्हणायच्या मुद्दाम तास बुडवतोस. शेवटी आईने गुपचूप दुसरीकडे नाव घातलं तेव्हा कुठे मी माणसात आलो. वडील अजून म्हणतात आपण हरलो. हरलो तर हरलो.

खडू_डस्टर: आता शाळेला शिव्या सुरू होतीलच, त्याआधी बोलून घेते, मी शिकवते. पालकांना निरोप पाठवा, येत नाहीत. आले तर "आमचा तसा नाहीच". एका आईने माझ्यासमोर फोनवरून नजर न काढता "बरं, बघते" म्हटलं होतं, विषय संपला. आम्ही काय करणार? दोघांना समोर बसवतो, बोलायला लावतो, हात मिळवून पाठवतो.

पाटीपेन्सिल: @खडू_डस्टर तेच तर चुकतं ना! डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर यावर काम केलं, नॉर्वेत १९८३ पासून शाळांमध्ये कार्यक्रम राबवला, आणि त्याची व्याख्याच अशी की छळ म्हणजे मुद्दाम, वारंवार, आणि दोघांची ताकद सारखी नसताना केलेला त्रास. ते भांडण नसतंच, मग समेट कसला? ज्याची भीती वाटते त्याच्याशीच हात मिळवायचा, तोही बाईंच्या देखत, म्हणजे खोटं बोलणं भागच आहे.

खडू_डस्टर: नॉर्वेत वर्गात मुलं किती असतात तेही सांगा.

पाटीपेन्सिल: मुलं जास्त म्हणजे बघेही जास्त, त्यांचा उपयोग करा. कॅनडात शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून अभ्यास झाला होता, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! त्याला कसलं बजेट लागत नाही.

खडू_डस्टर: मध्ये पडणाऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवशी लागतो, ते चित्रीकरणात आलं होतं का?

तिरकस: सगळे शाळेवर घसरलेत, मूळ तो पिणारा दीर आहे. आमच्याकडे हेच. मेहुणा पिऊन येणार, सासूबाई हळूच पेन्शनमधून त्याच्या खिशात पैसे सरकवणार, आणि वर "त्याला ताण आहे हो". मग पोरगं काय शिकणार? ज्याच्यावर जोर चालतो त्याच्यावर चालवायचा, हेच ना.

रात्रपाळी: आणि जावेला तुम्ही सगळ्यांनी बिनबोभाट सुळावर दिलंत. तिने रात्री दार उघडायचं, उलट्या पुसायच्या, सकाळी ऑफिसला खोटं सांगायचं, आणि वर मुलाच्या शाळेतही हजर राहायचं. "लक्ष देत नाही" म्हणे. लक्ष उरलंय कुठे?

तिरकस: मग सोडायचं त्याला. राहतात कशाला?

रात्रपाळी: हे वाक्य मला नेहमी अशाच लोकांकडून ऐकायला मिळतं ज्यांना दुसऱ्या दिवशी कुठे झोपायचं हा प्रश्न कधी पडलेला नाही. मी अल-अनॉनच्या सभांना जायचे, दारुड्यांच्या घरच्यांसाठी असतात, १९५१ पासून चालू आहे ती संघटना. तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की हे तू ओढवून आणलं नाहीस, तुझ्या ताब्यात नाही, तू बरंही करू शकत नाहीस. त्या दिवशी घरी येऊन मी मुलीची वही उघडली. त्याआधी उघडलीच नव्हती. तेव्हा जरा जपून बोला.

तिरकस: तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण सासूबाईंच्या पैशांचं काय?

वाटसरू: झालं, धागा आता सासूबाईंचा.

पाटीपेन्सिल: @रात्रपाळी जावेचे हाल आहेत, कबूल. पण म्हणून धाकट्याने मार खायचा? तिला मदत करा, सोबत करा, काहीही करा. मोठ्याने शाळेत समुपदेशकाकडे गेलंच पाहिजे, आणि तेही पोस्टवाल्या बाईंनी लेखी दिल्याशिवाय होणार नाही. गप्प राहून त्यांनी त्या आठवीतल्या मुलाचंही वाटोळंच केलं. घरात बाप, शाळेत कोणी विचारणारं नाही.

रात्रपाळी: एवढं तरी पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. तिथे तर तो नुसता राक्षस होता.

वाटसरू: ठीक, लेखी द्यायला हवं होतं, मान्य. पण आधी मूल बाहेर काढा, मग अर्ज करा. या क्रमावरून मी हलणार नाही. खूश?

पाटीपेन्सिल: उपकार झाले. अर्ज त्याच आठवड्यात, पुढच्या वर्षी नाही.

वाटसरू: हो बाई, त्याच आठवड्यात.

खडू_डस्टर: आणि अर्ज आला की तो माझ्याच टेबलावर येणार, पेपर तपासायच्या गठ्ठ्यावर. पाठवा.

तिरकस: पेन्शनचं शेवटी कोणी बोललंच नाही. वेगळा धागा काढतो.