सिडनीचं पहिलं नाटक: श्रेय साहेबांचं की कैद्यांचं?

खडूस_प्रेक्षक:
४ जून १७८९, राजा तिसरा जॉर्ज याचा वाढदिवस. ब्रिटनने हद्दपार केलेल्या कैद्यांसाठी ऑस्ट्रेलियात वसवलेली सिडनी कोव्हची वसाहत जेमतेम सोळा महिन्यांची. त्या संध्याकाळी कैद्यांनी फार्करचं 'द रिक्रूटिंग ऑफिसर' केलं, समोर गव्हर्नर फिलिप आणि पलटणीचे अधिकारी. निमित्त त्यांचं, परवानगी त्यांची, प्रेक्षकही तेच. नाटककार फार्करनेसुद्धा स्वतः सैन्यभरतीचं काम केलेलं! तिथल्या इंग्रजी रंगभूमीचे संस्थापक अधिकारीच, असं माझं सरळ मत.

विंगेतून:
मग 'सीता स्वयंवर' करवून घेणाऱ्या सांगलीच्या राजांना, चिंतामणराव पटवर्धनांना, मराठी नाटकाचे जनक म्हणा की. आपण विष्णुदास भाव्यांनाच म्हणतो ना?
त्याच पलटणीतल्या कॅप्टन वॉटकिन टेंचने त्या रात्रीचं थिएटर लिहून ठेवलंय: कैद्यांची झोपडी, मातीच्या भिंती, तीन-चार वार रंगीत कागद, भिंतींना खोचलेल्या डझनभर स्वस्तातल्या मेणबत्त्या. सुरुवातीचं आणि शेवटचं निवेदन एका नटानेच लिहिलेलं. साहेबांनी काय लिहिलं? रोजनिशी.

खडूस_प्रेक्षक:
ती रोजनिशी नसती तर आज कशावर भांडलो असतो? आणि भाव्यांची तुलना लंगडी आहे हो. भावे सांगलीत शिक्षा भोगत नव्हते. इथे साहेब 'नाही' म्हणाला असता तर विषयच संपला होता.

आगाऊ:
श्रेयाचं तुम्ही बघून घ्या, मला नाटकाची निवड छळते. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारी कोठारातून चोरी केली म्हणून वसाहतीवर पहारा देणाऱ्या पलटणीतल्या सहा मरीन (नौदलाच्या) शिपायांना फाशी दिलं. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, भरतीवाले भोळ्या लोकांना कसे गंडवतात याची कॉमेडी, ती चोरीसाठी हद्दपार झालेल्यांनी करायची आणि शिपायांच्या साहेबांनी बघायची. दादही मिळाली म्हणे. कुणाला काय वाटलं असेल?

विंगेतून:
+१. आणि खडूसभाऊ, खरं थिएटर उभं राहिलं १७९६ मध्ये. उभारणारा रॉबर्ट सिडवे, कैदी म्हणून आलेला बेकर. गॅलरीचा दर एक शिलिंग. रोकड नसेल तर पीठ, मांस चालायचं. नाटकासाठी लोक शिध्यातलं पीठ मोजून देत होते! याला म्हणतात पाया घालणं.

खडूस_प्रेक्षक:
त्यालाही परवानगी गव्हर्नर हंटरची. तो नौदलाचा अधिकारी. आणि पुढे ते बंद पाडलं तेही सरकारनेच.

विंगेतून:
आता बंद पाडणाराही संस्थापक का?