'प्राण दिले' की 'प्राण गेले'? चावडीवरच्या पाटीसाठी शब्द हवा

माणदेशी:
आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत दोनच वाक्यं: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, आणि त्यांतल्या पाच जणांनी 'गेव्ह अप देअर लाइव्ह्ज'. नावं नाहीत, फक्त आकडे. सातारा-कोकणात अशा पाट्या बऱ्याच गावांत सापडतात. ग्रामपंचायतीनं खाली मराठी पाटी लावायचं ठरवलं आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'पाच जण हुतात्मा झाले.' आमच्या आप्पांनी कागद परत दिला. म्हणाले, "हुतात्मे वडूजचे. बेचाळीसला कचेरीवर मोर्चा नेला आणि सरकारच्या गोळ्या झेलल्या. ही माणसं त्याच सरकारच्या पलटणीत होती. दोघांना एकच शब्द कसा लावतोस?" मला उत्तर देता आलं नाही. 'प्राण दिले' लिहावं, तर त्यांनी दिले की त्यांचे घेतले गेले, हेही ठरत नाही. शब्द सुचवा.

अक्षरओळ:
आप्पांचं बरोबर आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. त्यात स्वतःहून केलेली आहुती आहे, ती पगारी शिपायाला लागू होत नाही. 'शहीद' मात्र नको, तो अरबी. 'वीरगती प्राप्त झाली' हे हिंदी बातम्यांतून आपल्याकडे शिरलंय. आपले शब्द असताना उसने कशाला? 'धारातीर्थी पडले' लिहा, नाहीतर 'वीरमरण आले'.

काळी_माती:
'शिपाई' फारसी, 'पलटण' युरोपातून आलेली, 'तारीख' अरबी. हे तीन शब्द वगळून त्या पाच जणांची हकीकत सांगून बघा. आणि धारातीर्थ म्हणजे तलवारीची धार. इराकमधल्या कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. १४७ दिवस. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची वेळ आली, २९ एप्रिल १९१६ला फौज शरण गेली. त्यानंतर वाळवंटातून पायी हाकलताना आणि कैदेत माणसं मेली ती उपासानं, हगवणीनं. त्यांना कुठली धार आणि कुठलं तीर्थ? या पाचांतला एखादा तिथे गेला असेल, तर ही पाटी खोटी ठरेल.

अक्षरओळ:
मग हगवणीनं मेलेल्याला 'वीरमरण' तरी कसं म्हणणार? तुमच्या न्यायानं एकही शब्द उरत नाही.

जुना_वाडा:
बखरींमध्ये आणि जुन्या पत्रांत बघा, 'कामास आले', 'पडले' असं येतं. 'अमके सरदार कामास आले.' त्यात स्तुती नाही, रडणंही नाही. धन्याच्या कामावर असताना गेला, एवढंच. धनी कोण, याचा निवाडा तो शब्द करत नाही. आप्पांची अडचण इथं सुटते.

माणदेशी:
मला आवडला होता. घरी वाचून दाखवला, तर मुलगी आठवीत आहे, तिनं विचारलं, "कोणाच्या कामाला आले?" आज त्याचा अर्थ उपयोगी पडले असाच लागतो. पाटी तर शाळेच्या वाटेवर आहे.

गोदाकाठ:
आमच्या घरातली गोष्ट सांगते. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी कांस्याची एक चकती आहे, साधारण अर्ध्या वितीएवढी, हाताला चांगली जड. त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह. आजेसासूबाई तिला देवी समजून रोज हळदकुंकू वाहायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा कडेची अक्षरं कुंकवानं पार बुजली होती. चिंचेनं घासल्यावर एका चौकटीत घरातल्याच पूर्वजाचं नाव वर आलं. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. त्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारनं अशी चकती धाडली होती. तिच्यावर हुद्दा घालायचा नाही असा नियमच होता, फक्त नाव.

नाशकात धुळवडीला वीर निघतात, घरोघरचे टाक हातात घेऊन वाजतगाजत गोदावरीवर नेतात. आमची चकतीही तेव्हापासून जाते. तो कशानं मेला ते घरात कोणालाच माहीत नाही. पण परत न आलेला पूर्वज आमच्याकडे 'वीर'च. तुम्ही 'पाच वीर' लिहा.

काळी_माती:
गोदाकाठताई, वाचून थांबलो. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त मृतांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची कोरली, शिपायांचा पलटणवार आकडा. तुमच्या देव्हाऱ्यात आहे ते तिथे नाही.

जुना_वाडा:
'वीर' घेतलात तर पाटीला 'वीरगळ'च म्हणा. वीर गळाला तिथला दगड. पानिपतानंतरच्या पत्रात 'दोन मोत्ये गळाली' म्हटलंय, तोच हा धातू.

अक्षरओळ:
नाही. कन्नड 'वीरगल्लु' पाहा. 'कल्लु' म्हणजे दगड, समासात त्याचा 'गल्लु' होतो. गळण्याशी काही संबंध नाही.

जुना_वाडा:
मूळ कानडी असेल. पण शेकडो वर्षं बोलणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला त्यात 'गळणे' ऐकू येत असेल, तर तो अर्थही मराठीचाच झाला.

अक्षरओळ:
ऐकू येणं आणि असणं यात फरक आहे.

दर्यावर्दी:
सगळे पलटणीबद्दलच बोलताय. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. माझ्या आजीचे वडील बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरखाली कोळसा मारणारे. बोट बुडाली, ते आले नाहीत. ना पलटण, ना बंदूक. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या घरात पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून जास्त खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. त्यांना वीर म्हणणार का, माहीत नाही. 'शहीद' नको म्हणून कोणी वर लिहिलंय. पण आमच्यात बुडून मेलेल्यालाही शहीद मानतात, हदीसमध्येच तसं आहे. आजी वडिलांबद्दल तोच शब्द वापरायची. मूळ अर्थ साक्षीदार. तिच्या तोंडी तो मराठीच होता.

अक्षरओळ:
हे मला माहीत नव्हतं. पाटीसाठी मी अजूनही 'वीरमरण' म्हणेन, पण तुमच्या आजीचा शब्द तिथून काढा असं म्हणणार नाही.

माणदेशी:
पाटीवाला सोमवारी मजकूर मागतोय. आमच्या पाचांत कोणी खलाशी होता का, तेही आता शोधायला हवं.

जुना_वाडा:
दर्यावर्दी, बोरिवलीला एक्सरचे वीरगळ बघून या. त्यांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. गलबतांच्या बाजूंनी वल्ह्यांच्या रांगा आहेत आणि वल्ही मारणारेही कोरलेत.