फार्मसी की फार्माकॉलॉजी?

फार्मसी आणि फार्माकॉलॉजी हे दोन्ही शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरले जातात, म्हणून थोडा फरक सांगतो. औषध तयार करणं, पारखणं, योग्य मात्रेत रुग्णाच्या हाती देणं ही फार्मसी. ते शरीरात गेल्यावर नेमकं काय करतं आणि शरीर त्याचं काय करतं, हे शोधणं म्हणजे फार्माकॉलॉजी. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ बुखहाइम यांनी १८४७ मध्ये डोर्पाटला (आजचं एस्टोनियातलं टार्टू) या विषयाची पहिली प्रयोगशाळा उभारली, तीही स्वतःच्या घरात!

फार्मसीच्या पदवीनंतर संशोधनाकडे वळता येतं. मात्र नुसत्या फार्माकॉलॉजीच्या पदवीवर फार्मासिस्टचा परवाना मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की तपासा. आणि कुठल्याही वाटेने गेलात तरी संख्याशास्त्र टाळू नका. औषधाचा गुण आला की योगायोग, ते त्याच्याशिवाय कळत नाही.