शाळा सव्वाला सुटते, बर्लिनचा स्टँडअप दीडला, न्यूयॉर्कचा सातला: दोघे डेव्हलपर असलेल्या घरात दिवस कसा बसवायचा?

बार्देशकरीण

दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, राहायला म्हापशात. माझी टीम न्यूयॉर्कची, काम पूर्णपणे घरून, स्टँडअप (रोजची छोटी बैठक) त्यांच्या सकाळी ९:३० ला. नवऱ्याची टीम बर्लिनची, स्टँडअप तिथल्या १० ला, आठवड्यातून तीन दिवस पणजीत पाटोला ऑफिस. मुलगी दुसरीत, शाळा ७:४५ ते १:१५. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे शाळेपर्यंत जाणे त्यांना जमत नाही. मुलगी घरात असली की तासभर बघू शकतात. चार आठवड्यांतून एक आठवडा माझ्याकडे ऑन-कॉल (सिस्टीम बिघडली की धावायची पाळी), तोही चोवीस तास.

दिवसाचे तास दोघांत कसे वाटायचे? ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्रीची झोप वाचवायला टीमकडे नेमके काय मागावे? पावसात वीज आणि नेट गेले की काय, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) काय? ‘वेळेचे नियोजन करा, स्वतःसाठी वेळ काढा’ हे वाचून झाले आहे. आकड्यांत बोलणारे कोणी असेल तर हवे.

खोर्लीचा_घड्याळजी

दोन परदेशी टाइमझोन म्हणजे दुप्पट डोकेदुखी असे वाटते, पण तुमच्या घरात ते सोयीचे आहे. नवऱ्याच्या बैठका दुपारी, तुमच्या रात्री. दोघे एकाच वेळी अडकत नाहीत.

न्यूयॉर्कचे ९:३० म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेत आपले संध्याकाळचे ७, हिवाळी वेळेत ८. बर्लिनचे १० म्हणजे उन्हाळ्यात दुपारचा दीड, हिवाळ्यात अडीच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे सरकवते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. २०२६ साठी या तारखा ८ मार्च, २९ मार्च, २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. म्हणजे मार्चमध्ये तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा तुमच्यापैकी एकाची वेळ बदललेली असते, दुसऱ्याची नाही. ‘आज तू आणणार होतास ना तिला?’ हे भांडण याच आठवड्यांत व्हायचे. चारही तारखा फ्रिजवर चिकटवा.

आता तास. सकाळी सोडणे नवऱ्याकडे, दुपारी आणणे तुमच्याकडे, कारण उन्हाळ्यात त्याचा स्टँडअप बरोबर त्याच वेळी येतो. तुमचा दिवस असा: ८:१५ ते १२:४५ सलग कोड, १ ते ३:३० पूर्ण बंद, ४:३० ते ६ रिव्ह्यू (इतरांचा कोड तपासणे) आणि तिकिटे (नोंदवलेली कामे), ७ ते ९ बैठका. बेरीज आठ तास. दुपारच्या बंद वेळेत न्यूयॉर्कला पहाट असते, कोणाचेही काही अडत नाही. हा वेळ कॅलेंडरात ‘बिझी’ म्हणून टाकू नका, ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणून टाका. बिझीवर लोक खुशाल बैठक ठेवतात. आउट ऑफ ऑफिसमध्ये गूगल कॅलेंडर आमंत्रण आपोआप नाकारते.

नवऱ्याने घरून काम असेल त्या दिवशी १०:३० ते ७ धरावे, मध्ये अर्धा तास जेवण. तो उठतो आणि तुम्ही बसता. गोची आहे ती पाटोच्या तीन दिवसांत. सातला ऑफिसातून निघाला तर पर्वरी ओलांडून घरी यायला पावणेआठ तरी होणार, आणि तुमचा स्टँडअप सातला सुरू. त्या दिवशी त्याने ९ ते ५:३० करावे. बर्लिनशी उन्हाळ्यात पाच तास आणि हिवाळ्यात चार तास सामायिक मिळतात, तेवढे पुरतात. त्याच्या टीमला हे एकदाच लेखी कळवा: ‘मंगळ-बुध-गुरू, तुमच्या दुपारी दोननंतर मी नाही, हिवाळ्यात एकनंतर.’

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यात सर्वात जास्त फायदा आहे. पुनरावृत्तीची बैठक ज्या टाइमझोनमध्ये तयार केलेली असते त्याच टाइमझोनला चिकटून राहते. तुमच्या स्टँडअपचे आमंत्रण न्यूयॉर्कमध्ये तयार झाले असणार, म्हणून हिवाळ्यात तुमची वेळ सरकते. आयोजकाला त्या आमंत्रणाचा टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, करायला सांगा. मग बैठक वर्षभर आपल्या सातला राहील आणि हिवाळ्यात त्यांची ८:३० ला होईल. ते तयार नसतील तर त्यांच्या ९ वर तडजोड करा: आपले उन्हाळ्यात ६:३०, हिवाळ्यात ७:३०. मुलगी आठला जेवत असेल तर दोन्ही चालतात.

पेजर_सायलेंट

ऑन-कॉलबद्दल. दोन खंडांत माणसे असताना एकाला चोवीस तासांचा आठवडा देणे म्हणजे रोटा (पाळ्यांचे वेळापत्रक) बनवणाऱ्याचा आळस आहे.

मागायचे ते हे: आपले सकाळी ७ ते संध्याकाळी ७ गोवा बघेल, उरलेले बारा तास न्यूयॉर्क. उन्हाळी वेळेत आपले ७ ते ७ म्हणजे त्यांचे रात्री ९:३० ते सकाळी ९:३०. विनंती ‘माझी मुलगी लहान आहे’ अशी मांडू नका, ‘तुमचीही झोप मोडणार नाही’ अशी मांडा. मंजूर होण्याची शक्यता खूप वाढते. अट एकच, भारताच्या बाजूला पुरेशी माणसे हवीत. गूगलच्या एसआरई (सेवा चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांच्या) पद्धतीत एकाच ठिकाणाहून चालणाऱ्या रोटाला किमान आठ आणि दोन ठिकाणांच्या रोटाला प्रत्येकी सहा माणसे धरतात. तुमच्याकडे इकडे चार असतील तर ताण राहील, पण फक्त दिवसाचा. इकडे एकट्याच असाल तर हा मार्ग बंद. मग निदान रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये पेज (बिघाडाची तातडीची सूचना) आला तर दुसऱ्या दिवशी तेवढे तास उशिरा सुरुवात, हे मॅनेजरकडून मेलवर घ्या. तोंडी कबुली मॅनेजर बदलला की संपते.

त्याहून मोठे काम अलर्ट छाटण्याचे. मागच्या तीन महिन्यांचे सगळे पेज काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: त्या क्षणी माणसाने काही केले का? ‘बघितले, आपोआप ठीक झाले’ असे असेल तर तो पेज नव्हे, तिकीट. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. ‘डिस्क ८० टक्के भरली’ हा अलर्ट काढा, त्याजागी ‘सध्याच्या वेगाने चार तासांत भरेल’ असा लावा; प्रोमेथियस या देखरेखीच्या साधनात त्यासाठी फंक्शन आहे. सीपीयूचे अलर्ट बहुतेक उडवून टाका, वापरणाऱ्याला सीपीयू दिसत नाही. बाकी एरर बजेटवर, म्हणजे किती बिघाड खपवायचा त्या मर्यादेवर. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत साधारण ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. तासाभरात त्यातले २ टक्के जळत असतील, म्हणजे बर्न रेट (बजेट ठरल्यापेक्षा किती पट वेगाने संपते) १४.४ असेल, तरच झोपेतून उठवावे. याचा अर्थ तासभर सरासरी १.४४ टक्के विनंत्या फसत आहेत. त्याखालचे सकाळी बघता येते.

शाळेतून आणण्याच्या अर्ध्या तासासाठी रोज ओव्हरराइड (तात्पुरती बदली) लावा, पेज सेकंडरीला (मागच्या राखीव माणसाला) जाऊ दे. स्कूटरवर मुलगी मागे आणि खिशात पेजर वाजतोय, हे धोक्याचे आहे. ॲक्नॉलेजची (पेज मिळाल्याचे कळवण्याची) मुदत पाच मिनिटे ठेवा, नंतर आपोआप सेकंडरी. ही मुदत तीस मिनिटांची ठेवलेली असते तिथे सेकंडरी नुसता शोभेचा.

नवऱ्याकडेही ऑन-कॉल असेल तर दोघांचे आठवडे एकत्र येणार नाहीत हे रोटा निघण्याआधी बघा. निघाल्यावर अदलाबदल करणे म्हणजे मिनतवारी.

साळगावकार

वरचे वेळापत्रक बेरजेत आठ तासांचे, पण पसारा सकाळी सव्वाआठ ते रात्री नऊ. पावणेतेरा तास. दुपारचे अडीच तास खरेच रिकामे राहिले तरच हे टिकते. व्यवहारात काय होते? सव्वाला मुलीला आणले, जेवू घातले, गृहपाठ काढला, मग ‘जरा एक पुल रिक्वेस्ट बघते’ म्हणून लॅपटॉप उघडला. संपले. त्या वेळेत फोनवरचे स्लॅकही (टीमचे चॅट) बंद हवे. त्यातले नोटिफिकेशनचे वेळापत्रक दिवसाला फक्त एकच खिडकी देते, म्हणून दुपारसाठी रोज हाताने दोन तासांचा पॉज लावा.

आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी लेखी स्टँडअप मागा: काल काय झाले, आज काय, कुठे अडले, तीन ओळी, सहाच्या आत. शुक्रवार त्यातला एक. न्यूयॉर्कच्या शुक्रवार सकाळी तसेही कोणी मोठे निर्णय घेत नाही.

दुसरे म्हणजे, शाळेतून आणणे तुमच्याकडे आले म्हणून डबा, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, डॉक्टर, युनिफॉर्म हे सगळे त्यामागून तुमच्याकडे येऊ देऊ नका. कामे तुकड्यांत वाटू नका, अख्खी वाटा. ‘शाळा’ नवऱ्याची म्हणजे ग्रुप वाचणे, फी, पालकसभा, चार्टपेपर, सगळे त्याचेच. तुम्ही आठवण करून द्यायची नाही. आठवण करून देणे हेच अर्धे काम असते.

आणि ‘घरीच तर आहे’ हा आजार. सकाळी सव्वाआठ ते पावणेएक दारावरची बेल सासूबाईंची. गॅस सिलिंडर, कुरिअर, प्लंबर हे साडेतीन ते साडेचारच्या तासात बोलवा. त्याआधी दुपारी तसेही आपल्याकडे कोणी येत नाही!

बार्देशकरीण

टाइमझोन बदलण्याचे लक्षातच आले नव्हते, आजच विचारते. भारतात टीमचे आम्ही चौघे आहोत, म्हणजे ७ ते ७ मागता येईल. विजेचे सांगा. इन्व्हर्टर आहे, १५० एएच बॅटरी, तीन वर्षांची. लाइट गेली तर पंखा चालतो, नेट मात्र जाते.

ताळगावचा_वायरमन

दोन शक्यता. पहिली: ओएनटी, म्हणजे फायबर येऊन मिळते ती छोटी पेटी, इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. राउटर जोडलेला असतो आणि ओएनटी दाराजवळच्या साध्या प्लगवर विसरलेली असते. मेन स्विच पाडून बघा, दोन मिनिटांत कळेल. ओएनटीवर लाल एलओएस दिवा लागला तर फायबर तुटले आहे किंवा पलीकडून सिग्नल नाही. दिवेच नसतील तर तिला वीज नाही.

दुसरी: तुमच्या घरी सगळे चालू, पण केबलवाल्याच्या खांबावरच्या स्विचला बॅकअप नाही. वाड्यावरची म्हणजे वस्तीतली लाइट गेली की तो मरतो. याला तुमच्याकडे इलाज नाही. दुसरे फायबर कनेक्शन घेऊनही उपयोग नाही, दोन्ही तारा त्याच खांबांवरून येतात आणि माड पडला की दोन्ही जातात. बॅकअप मोबाइलचाच हवा, आणि तो घरातल्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचा. घरात कोणत्या खोलीत सिग्नल येतो ते जूनच्या आधी बघून ठेवा. मातीच्या जाड भिंतीचे जुने घर असेल तर बहुधा बाल्कनीच.

आता हिशोब. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तीन वर्षांच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची गळती धरून, निम्मे म्हणजे ९०० मिळतील असे समजा. लॅपटॉप ६५, मॉनिटर २५, ओएनटी आणि राउटर मिळून २०, साधा पंखा ७५: एकूण १८५ वॅट, पावणेपाच तास. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणारा), ३० वॅटचा बसवला तर साडेसहा तास. दोघे एकाच खोलीत बसलात तर अजून एक पंखा वाचतो, पण दोघांच्या बैठका एकाच वेळी नसतील तरच. फ्रिज या लाइनवर असेल तर काढा. ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड पाणी मे महिन्यात भरा, नळाचे नव्हे.

ओएनटी आणि राउटरला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. इन्व्हर्टर चालू होताना काही राउटर रिस्टार्ट होतात आणि बैठक तीन-चार मिनिटे तुटते, ते यामुळे टळते. घ्यायच्या आधी दोन्ही पेट्यांच्या ॲडाप्टरवरचा व्होल्टेज वाचा. काही पेट्या १२ च्या असतात, काही ९ च्या.

वीजखात्याच्या दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फीडरच्या (भागाला वीज देणाऱ्या लाइनच्या) नावासकट येते. तुमचा फीडर कोणता ते १९१२ वर विचारून ठेवा.

माटोळी_बाजार

चवथीचे राहिले. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला, शनिवारी. तारीख दरवर्षी सरकते, हे परदेशी मॅनेजरला आपोआप कळत नाही. कंपनीच्या यादीत बहुधा एकच दिवस सुटी असते आणि त्याला वाटते तेवढ्यात सण आटोपला. रजेच्या अर्जात दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की सात, ते लिहा आणि विसर्जनाची तारीख घाला.

२०२६ मध्ये माटोळीचे (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचे) सामान आणायचे ते शनिवार-रविवारीच येते, त्यामुळे रजा सोमवारपासून घेऊन भागेल असे वाटेल. पण शुक्रवार ११ ला नवीन कोड सोडलात तर त्याचे बग शनिवारी बाजारात उभे असताना येतील. तुमचा शेवटचा मर्ज (कोड मुख्य शाखेत मिसळणे) बुधवार ९ ला. गुरुवारी फक्त निरीक्षण आणि हस्तांतराची नोंद: कोणता फीचर फ्लॅग (नवी सोय चालू-बंद करायचे बटण) कोण बंद करू शकतो, रनबुक (बिघाडात काय करायचे त्याची टिपणे) कुठे आहे, कोणाला विचारायचे. नवीन काही असेल ते फ्लॅगमागे बंद ठेवून जा.

ऑन-कॉल रोटा जुलैतच बघा. अमेरिकेतला लेबर डे ७ सप्टेंबरला आहे. तो दिवस तुम्ही घ्या आणि बदल्यात १४ चा आठवडा त्यांच्याकडे द्या, हा सौदा सहज होतो. सेकंडरीतही नाव ठेवू नका. मूळ घर पेडण्यात किंवा सत्तरीत असेल तर तिथे पेज पोचेलच याची खात्री नाही, आणि न पोचलेला पेज पाच मिनिटांनी पुढे जायला पुढे कोणीतरी असावे लागते.