"स्वतःवर प्रेम करा" म्हटलं की सर्जरीचा निर्णय झाला का?

काजळरेघ
परवा इथे एक लेख आला. कॉस्मेटिक सर्जरी करून घेणाऱ्यांना स्वतःवर प्रेम करता येत नाही, चेहऱ्याआधी मन दुरुस्त करा, असा त्याचा सूर. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या नाकावर कुबड होतं. शाळेत मी कायम भिंतीकडेला बसायचे, म्हणजे निदान एका बाजूनं तरी कुणाला दिसू नये. एकतिसाव्या वर्षी ऑपरेशन केलं. मधल्या वीस वर्षांत मी मनाची समजूत घालून पाहिलीच नसेल, असं वाटतं का तुम्हाला?

सर्जननं विचारलं: नेमकं काय खटकतं? कधीपासून? कुणाच्या सांगण्यावरून आलात? आणि शेवटी, निम्माच फरक पडला तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नावर मी घरी परतले आणि आठ महिने विचार केला.

ऑपरेशननंतर आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे नाक जागेवर धरणारा कडक साचा, होता. तोंडानं श्वास घेऊन ओठांना भेगा पडल्या, झोपायचं ते उशांच्या चवडीला टेकून. स्प्लिंट निघाला तेव्हा आरशात सुजलेलं, परकं नाक होतं. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागलं. हे सगळं आधी ऐकलेलं होतं म्हणून निभावलं. निर्णय असा घेतात. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणू नका.

रोखठोक
तुमचं चांगलं झालं, आनंद आहे. पण तुमची प्रश्नांची यादी वाचून अंगावर काटा आला. माझ्या बहिणीनंही नेमकं बोट ठेवून दाखवलं होतं. लहानपणापासून खटकतं म्हणाली, कुणी सांगितलेलं नव्हतं. तीन ऑपरेशनं झाली नाकाची. तिसऱ्यानंतर नाक बरं वाटायला लागलं आणि हनुवटी खुपायला लागली. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ती दिवसातून किती वेळा हनुवटी बघायची, ते आम्ही मोजणं सोडून दिलं.

या आजाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. १८९१ साली मोर्सेल्ली या इटालियन डॉक्टरनं त्याचं वर्णन करून ठेवलंय. त्यावर सुरी चालत नाही, खुपणारी जागा बदलते एवढंच. मानसोपचार आणि औषधांनी फरक पडतो. तिला पडला, पण तीन भुली झाल्यावर. तो लेख मला पटला तो यासाठी.

काजळरेघ
बहिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पण यात चूक तिला न ओळखता टेबलावर घेणाऱ्यांची. त्यासाठी आम्हा सगळ्यांना मनोरुग्ण ठरवायचं?

रोखठोक
मनोरुग्ण हा शब्द मी वापरलेला नाही. तो तुमचा आहे, आणि माझ्या बहिणीच्या संदर्भात तो वाचायला मला आवडला नाही.

काजळरेघ
शब्द चुकला. मागे घेते.

उतरणीवर
बायकांच्या नाकावर सगळे बोलतात. केसांचं काय? तेविसाव्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट केलं. क्लिनिकमध्ये हेअरलाइन कपाळावर खाली आणून दिली. मी खूश. सांगितलं हे नाही की लावलेले केस टिकतात, पण त्यामागचे मूळचे गळतच राहतात. आज चौतिसाव्या वर्षी पुढे केसांची पट्टी आहे आणि मागे मोकळं रान. लावायचे केस डोक्याच्या मागच्या भागातून काढतात, आणि ते एकदाच खर्च करता येतात. माझे भलत्या वयात खर्चले गेले.

घड्याळजी
ही सर्जरी थोडीच आहे? जागेपणी होते, संध्याकाळी घरी. मी चाळिशीत केलं, झकास आहे. तेविसाव्या वर्षी घाई तुम्ही केलीत, दोष क्लिनिकला.

उतरणीवर
तेविसाव्या वर्षी टक्कल पडत असताना मित्रांमध्ये बसून बघा, मग घाई म्हणा. आणि माझ्या डोक्यात हजारोंनी छिद्रं पाडणारा माणूस डॉक्टर नव्हता, हे मला पाचव्या तासाला कळलं. डॉक्टर सकाळी रेघ आखून गेले ते गेलेच.

भूलकरीण
भूलतज्ज्ञ आहे, वीस वर्षं. "ही सर्जरी थोडीच" हे वाक्य ऐकून मी थकले आहे. जागा बधिर करायच्या औषधालाही वजनाप्रमाणे कमाल मर्यादा असते. ती ओलांडली तर जिभेला मुंग्या, कानात आवाज, पुढे झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. तेव्हा खोलीत ते ओळखणारं आणि सांभाळणारं कुणी आहे का, हा खरा प्रश्न. आणि सिगारेट! विचारलं की लाजत "अधूनमधून" म्हणतात. निकोटिननं त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडा काळ्या पडतात. फेसलिफ्टमध्ये चेहऱ्याची कातडी ताणताना, पोटाची जादा कातडी काढताना, सगळीकडे तेच. किमान चार आठवडे आधी बंद करायची असते.

घड्याळजी
माझ्या वेळी डॉक्टर शेवटपर्यंत हजर होते, म्हणून मला तसं वाटलं. बरं, सर्जरीच म्हणू. पण घाईचा मुद्दा मी सोडत नाही.

उतरणीवर
नका सोडू. घाई झाली हे मलाही मान्य आहे. थांबवणारं कुणी नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. आधी औषधं घेऊन गळती थांबते का बघू, असं एकानं जरी म्हटलं असतं.

जुनीवही
पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलिज या सर्जननी इंग्लंडमध्ये सिडकपला गोळ्यांनी उडालेले चेहरे पुन्हा उभे केले. त्या विद्येचं आज काय झालं, हे बघून वाईट वाटतं.

काजळरेघ
गिलिज यांनी पुढे केवळ रूपासाठीही शस्त्रक्रिया केल्या. दुःख मोजायला जबडा उडालेलाच हवा का?

रोखठोक
इथे मी काजळरेघ यांच्या बाजूचा, नाइलाजानं. बहिणीचं नाक चांगलं होतं, पण दुःख खोटं नव्हतं. उपाय चुकला. आणि फोनवरून नाक ठरवणाऱ्यांसाठी: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. २०१८ साली हे गणित करून छापलंय. बहीण हातभर अंतरावरचेच फोटो घेऊन डॉक्टरकडे जायची.

काजळरेघ
हे मला माहीत नव्हतं. बहिणीनंही बोट ठेवूनच दाखवलं होतं, हे तुमचं वाक्य काल रात्रभर डोक्यात होतं. म्हणजे नेमकं सांगता येणं पुरेसं नाही. खटकणाऱ्या गोष्टीपायी दिवसाचा किती वेळ जातो, हेही विचारायला हवं. मला कुणी विचारलं नव्हतं. तरीही तो लेख चूकच होता.

नवखी
सगळं वाचतेय. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, स्तनांच्या सिलिकॉन इम्प्लांटची. कन्सल्टेशन वीस मिनिटांत झालं, ॲडव्हान्स भरलाय. आता कसं थांबू?

भूलकरीण
ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे, बाळा. इम्प्लांट जन्मभर पुरत नाही, कधीतरी बदलायला किंवा काढायला पुन्हा टेबलावर यावं लागतं, हे त्या वीस मिनिटांत कुणी सांगितलं का?

नवखी
नाही.

काजळरेघ
मग उद्या फोन करून तारीख पुढे ढकल. रद्द कर म्हणत नाहीये. दुसऱ्या सर्जनला भेट. कोणता इम्प्लांट, किती वर्षांनी काय करावं लागेल, ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हे सगळं कागदावर लिहून घेऊन जा.

नवखी
केला फोन. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तारीख सोडली तर सवलत जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. हात अजून थरथरतायत.