इन्फ्लेटेबल पॅडल बोर्ड: ४ इंची घेऊ की ६ इंची?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत तारकर्लीला गेलो होतो तिथे कर्लीच्या खाडीत पहिल्यांदा तो उभं राहून वल्हवायचा बोर्ड चालवला आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. बायको तयार आहे, लेक नऊ वर्षांची, ती तर रोज विचारते कधी आणणार. तर आता घ्यायचाच. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गाडी छोटी, म्हणजे फायबरचा कडक बोर्ड शक्यच नाही, हवा भरायचाच घ्यावा लागणार. बजेट सगळं धरून ३५ हजार. माझं वजन ८२, लेकीचं २६, ती पुढे बसणार.

ऑनलाइन दोन बघून ठेवलेत. एक १० फुटी, ३० इंच रुंद, ४ इंच जाड, स्वस्त आहे आणि पंप, वल्हं, बॅग सगळं सोबत येतं. दुसरा साडेदहा फुटी, ३३ इंच रुंद, ६ इंच जाड, किंमत जवळजवळ दुप्पट. दोन्हीवर १५० किलो चालेल असंच लिहिलंय, मग दुप्पट पैसे कशाचे? आणि पंप मारताना फार जीव जातो का, पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने भरून चालेल का? जाणार पवना नाहीतर मुळशीकडे, सकाळी लवकर.

मुठाकाठ

४ इंची घेऊ नका हो. मी घेतला होता आणि सहा महिन्यांत विकला म्हणून सांगतोय.

तो १५० किलोचा आकडा फक्त तरंगण्याचा असतो. जेवढे लिटर पाणी बाजूला सारलं तेवढे किलो उचलणार, आणि ४ इंची बोर्डसुद्धा २०० लिटरच्या आसपास भरतो, म्हणजे तुम्ही दोघं आणि बोर्ड मिळून १२० किलो झालं तरी बुडणार नाही. पण तरंगणं वेगळं आणि ताठ राहणं वेगळं. माझं वजन ८० आहे, मी मधे उभा राहिलो की मधला भाग खाली जायचा, नाक आणि शेपूट वर, बोर्डाची पन्हळ व्हायची आणि पावलांवरनं पाणी. पोरगा पुढे नुसता वळून बसला तरी सगळं डुगडुगायचं. तासाभरात पोटऱ्या भरून यायच्या कारण सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जायची.

आत काय असतं ते समजलं की किंमत पण समजते. वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो उभे धागे असतात, त्याला ड्रॉप स्टिच म्हणतात. गादीवाला गादीला टाके घालतो ना, तसंच काम, फक्त खूप दाट. त्यामुळे हवा भरली की बोर्ड फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. आता फळी जितकी जाड तितकी वाकायला अवघड, हे तर सुताराला विचारायची पण गरज नाही. त्यात ६ इंची चांगला बोर्ड १५ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप, टायरला असतं तेच) आरामात भरता येतो, माझ्या त्या स्वस्तातल्यावर १० च्या पुढे भरू नका असं लिहिलं होतं आणि १० ला तो नरमच लागायचा.

रुंदी ३२ ते ३३ हवीच, लेक बरोबर आहे म्हणजे तर हवीच. आणि विकणाऱ्याला एक विचारा, पीव्हीसीचा थर सिंगल आहे का डबल. डबलवाला एखाद-दोन किलो जड असतो पण काठाच्या दगडांवर घासून टिकतो. तिसऱ्या मजल्याचं म्हणाल तर पाठीवरच्या बॅगेत सगळं मिळून १३-१४ किलो होतं, चढवता येतं.

अजून एक, सगळे पैसे बोर्डावर संपवू नका. सोबत येणारं अॅल्युमिनियमचं वल्हं जड असतं, ते हातात हजार वेळा उचलायचंय. फायबरग्लासचं घेता आलं तर घ्या, खांद्याला फरक कळतो.

ताम्हिणीची_ताई

मुठाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. मी पंपाचं सांगते.

पंक्चरवाल्याचा विचार सोडा. साडेदहा फुटी ६ इंची बोर्ड ३०० लिटरचा, १५ पीएसआयला दाबून भरायचा म्हणजे बाहेरची साधारण ६०० लिटर हवा आत कोंबायची. टायरला हवा भरायचा छोटा पंप त्यात तापून बंद पडतो. आणि दुकानातला मोठा कॉम्प्रेसर असेल तर उलटं, शेवटी काटा कधी पुढे गेला कळत नाही आणि शिवण गेली की बोर्ड गेला. शिवाय व्हॉल्व्ह वेगळा असतो, टायरचं नोझल बसतच नाही, मधे अडॅप्टर लागतो. आणि घराजवळ भरून नेणार कसा, टपावर बांधून?

हातपंप असेल तर दोन्ही बाजूंनी हवा टाकणारा घ्या, म्हणजे दांडा वर ओढताना पण भरते आणि खाली दाबताना पण. सुरुवातीला बराच वेळ गेजचा काटा हलतच नाही, पंप बिघडलाय असं वाटतं, बिघडलेला नसतो, ५-६ पीएसआयपर्यंत तो दाखवतच नाही. मग १० नंतर एकाच बाजूवर करायचा आणि हाताने न दाबता अंगाचं वजन टाकायचं. मला १२ मिनिटं लागतात, घाम निघतो पण जीव वगैरे जात नाही. गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप मिळतो, बजेटात बसला तर सुख आहे.

आता महत्त्वाचं, ऊन. सकाळी २५ डिग्रीला १५ भरला आणि मे महिन्यात काठावर उन्हात तसाच ठेवला, बोर्ड तापून ६० डिग्रीला गेला की आतला दाब १८ च्या वर जातो. माझ्या मैत्रिणीचा बोर्ड असाच जेवण होईपर्यंत उन्हात होता, कडेची चिकटवलेली पट्टी वीतभर उकलली. पाण्याबाहेर काढला की सावलीत न्या, सावली नसेल तर थोडी हवा सोडा, अगदी फुस्स करून दोन सेकंद.

पाणकावळा

वा, खूपच उपयोगी माहिती. ६ इंची नक्की. अजून दोन शंका, खालचा फिन, म्हणजे बोर्ड सरळ जावा म्हणून तळाला असतो तो माशासारखा पंख, काढता येणारा घ्यावा का फिक्स? आणि पायाला बांधायची ती दोरी लागतेच का, तारकर्लीला बांधली नव्हती.

वल्हेकरी

दोरी लागतेच. बोर्डावरनं पडलात तर तुम्ही जागेवर आणि बोर्ड वाऱ्याबरोबर पन्नास फूट, पोहून गाठता येत नाही. पवना-मुळशीसारख्या साठलेल्या पाण्यात पायाला बांधायची गुंडाळीवाली ठीक. पण तीच दोरी घेऊन वाहत्या पाण्यात कधी जाऊ नका. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत येतं, तिथे राफ्टिंग चालतं ते बघून पुढेमागे मोह होईल. वाहत्या पाण्यात पायाची दोरी दगडात किंवा फांदीत अडकली की माणूस पाण्याखाली दाबला जातो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा असतो.

फिन मधला काढता येणारा घ्या. पवनेला उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ सुद्धा वर येतं, मग बाकीचे दगड, खोडं, चौथरे किती वर येत असतील विचार करा. वर न आलेले पण हातभर खाली असतात. फिन आपटला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे. लेक पुढे बसलेली आहे हे लक्षात ठेवा. उथळ जागी गुडघ्यावर बसूनच न्यायचा. पाणी खूप उतरलं असेल तर छोटा फिन लावायचा.

वारा. सकाळी सात-आठला पाणी आरसा असतं आणि माणूस फसतो. उन्हाळ्यात दुपारकडे घाटाकडून वारा सुटतो आणि हा बोर्ड हवेने भरलेला, हलका, शीड असल्यासारखा वाहवत जातो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना तो ढकलत आणतो. उलटं केलंत तर परतताना दमलेले असाल आणि वारा अंगावर. अडकलात तर उभं राहू नका, पोटावर झोपा आणि हाताने मारा.

लाइफ जॅकेट तिघांना, लेकीचं तिच्या मापाचं, मोठ्यांचं घट्ट करून नाही, पाण्यात ते वर सरकून डोक्यातनं निघतं. बोर्ड तरंगतो म्हणून जॅकेट नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि परवानगी. पवना पाटबंधारे खात्याकडे, मुळशी टाटांकडे, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं. जिथे उतरू नये अशी पाटी आहे तिथे उतरायचं नाही, आधी चौकीवर किंवा गावात विचारायचं. पावसाळ्यात तर अजिबात नाही. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाजवळ एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, पाणी मिनिटांत वाढलं होतं.

पाणकावळा

वल्हेकरी काका, मनापासून आभार, फिन आणि लेकीचं मी जोडूनच बघितलं नव्हतं. साडेदहा फुटी, ३३, ६ इंच, डबल थर, मधला फिन काढता येणारा असं ठरलं. पंप आता हाताचाच घेतो आणि उरलेले पैसे तीन जॅकेट आणि बऱ्या वल्ह्याला. शेवटचं, परत आल्यावर वाळवायचा कुठे? बाल्कनी चार फुटी आहे.

ताम्हिणीची_ताई

गच्चीवर, पण संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. गोड्या पाण्यात गेलात तर धुवायची पण गरज नाही, ओल्या फडक्याने चिखल पुसा, वाळू व्हॉल्व्हच्या खाचेत अडकते ती जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पुढच्या वेळी तिथनंच हवा जाते. फिनच्या खोबणीत ओल राहते ती बघा. तसाच ओला गुंडाळून बॅगेत आठवडाभर राहिला की वास येतो तो जात नाही. गुंडाळताना पुढून सुरू करा, व्हॉल्व्ह मागे असतो, हवा आपोआप बाहेर जाते.

आणि किटमध्ये व्हॉल्व्हची प्लास्टिकची चावी येते ती टाकून देऊ नका. हवा जातेय असं वाटलं तर आधी साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हच बघा, बरेचदा नुसता घट्ट करायचा असतो. खरंच चीर असेल तर पीव्हीसीचा गोंद लागतो, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन त्यावर धरत नाही, दोन दिवसांत सुटतं.

मुठाकाठ

उंचीचं राहिलं, वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ठेवा. बायकोसाठी कमी करता आलं पाहिजे, तीन तुकड्यांचं घ्या. पातं हातात धरल्यावर त्याचा वाक पुढच्या बाजूला झुकलेला दिसला पाहिजे, पवनेला दर रविवारी अर्धी मंडळी उलटं धरून मारताना दिसतात आणि मग बोर्ड सरळ जात नाही म्हणतात.