भुलीच्या गॅसचं प्रदूषण कमी कसं करायचं?

प्रश्न (फोंडा): आमच्या छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर मी सांभाळते, भुलीचा गॅस पाइपातून सरळ बाहेर सोडतात, मनाला पटत नाही. काय करता येईल?

म्हापसा: ताई, आधी डेसफ्लुरेन हा भुलीचा गॅस बंद करा, बहुतेक केसेसना सेवोफ्लुरेन हा दुसरा गॅस पुरतो. डेसफ्लुरेन १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट पृथ्वी तापवतं, युरोपियन युनियनने २०२६ पासून त्यावर जवळपास बंदीच घातलीय. आणि मशीनमध्ये सोडायच्या ताज्या गॅसचा फ्लो मिनिटाला १ लिटरच्या आत ठेवायला भूलतज्ज्ञांना सांगा, गॅस वाचतो नि पैसेपण, फक्त सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) आणि गॅस मोजणारा मॉनिटर नीट हवेत.

मडगाव: नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या दुसऱ्या गॅसची पुरवठ्याची पाइपलाइन असेल तर ती गळते हो! तो हवेत शंभरेक वर्षं टिकतो, त्यापेक्षा सिलिंडर मशीनलाच लावा, काम झालं की बंद.

फोंडा: पाइपलाइन आहे, सरांशी उद्याच बोलते.